बापाच्या कातडीवर वाढणारा बेडूक: एल वाये ते अटलांटा, 2005 ते 2016

झाडाच्या खोडात एक ढोली. आत पावसाचं पाणी साचलेलं, कुजलेल्या पानांनी काळपट झालेलं. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओल्या लाकडाला अंडी चिकटवून मादी निघून गेली आहे. अंडी साठही असतील, दोनशेही. मागे राहिलाय तो नर. अंडी फुटून बेडूकमासे पाण्यात पडतात, नर पाण्यात अंग बुडवून बसतो आणि पिल्लं त्याची कातडी खरवडून खातात. टीचभर पाण्यात शेवाळ किती असणार आणि किडे किती पडणार? जमिनीपासून इतक्या उंचावर पिल्लांना घालायला बापाजवळ स्वतःचं अंग होतं.

हा बेडूक म्हणजे एक्नोमिओहायला रॅबोरम. मराठीत त्याला नाव असण्याचं कारण नाही, म्हणून मी त्याला ‘झालर-बेडूक’ म्हणतो. हातापायांच्या कडेने कातडीची झालर, बोटांमध्ये भलेमोठे पडदे आणि रंग शेवाळलेल्या सालीसारखा तपकिरी. आकार साधारण सहा ते दहा सेंटिमीटर, म्हणजे वृक्षबेडकांत चांगलाच दांडगा. उंच फांदीवरून उडी टाकून पंजे फाकवले की हा तरंगत, दिशा बदलत खाली येई. पनामाच्या मध्यभागातल्या एल वाये दे अंतोन या गावाजवळच्या डोंगरात, 900 ते 1150 मीटर उंचीवरच्या ओल्या जंगलात तो सापडला. बाकी कुठेच नाही.

या प्रकरणात खलनायक शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. इशारा मिळाला होता, माणसं झोपलेली नव्हती, बेडूक वेळेत उचलले गेले. तरी बेडूक गेला. म्हणूनच हे प्रकरण मला इतर नामशेष प्राण्यांच्या गोष्टींपेक्षा जास्त छळतं. उशीर झाला म्हणून हळहळणं सोपं असतं. इथे माणसं वेळेवर पोहोचली होती.

लाट

1990च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये आणि मध्य अमेरिकेच्या डोंगरांत एकसारखंच चित्र दिसू लागलं. जंगल शाबूत, ओढे स्वच्छ, पण बेडूक नाहीत. 1998 मध्ये कारण सापडलं, ते म्हणजे कातडीत वाढणारी कायट्रिड बुरशी. पुढच्या वर्षी तिला बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस असं नाव मिळालं. तिचं मूळ पूर्व आशियात, बहुधा कोरियाच्या आसपास, आणि प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती जगभर पसरली, असं 2018 मधल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. 2005 साली एल वायेत उभ्या असलेल्या माणसाला या इतिहासाचा तसा उपयोग नव्हता. त्याला एवढंच ठाऊक होतं की लाट पश्चिमेकडून येते आहे.

लाट कशी सरकत होती पाहा. पश्चिम पनामातल्या फोर्तुनाच्या जंगलात 1996-97 मध्ये बेडूक मेले. तिथून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरवरच्या एल कोपेला 2004 मध्ये तेच घडलं. एल कोपेत बेडकांच्या अभ्यासक कॅरन लिप्स यांचा चमू आधीपासून नोंदी घेत होता, त्यामुळे काय काय गेलं याचा चोख हिशेब मिळाला. पुढे जनुकीय तपासणीची जोड देऊन 2010 मध्ये हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या एका जंगलातल्या उभयचरांच्या 74 जातींपैकी 30 नाहीशा झाल्याचं दिसलं. त्यांतल्या काही जातींना तोवर नावही मिळालं नव्हतं.

एल कोपेहून एल वाये पन्नासेक किलोमीटरवर आहे. पाटी-पेन्सिल घेऊन बसलं तर उत्तर येतं: साधारण दोन वर्षं.

ही बुरशी मारते कशी, हे समजून घ्यायला बेडकाची कातडी समजून घ्यावी लागते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या कातडीतून तो पाणी शोषतो, क्षारांची ये-जाही तिथूनच चालते. बुरशीचे पोहणारे बीजाणू पाण्यातून येतात, कातडीच्या वरच्या थरात शिरतात आणि तिथेच वाढतात. कातडी बिघडली की क्षारांचं गणित बिघडतं. रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या वृक्षबेडकावर झालेल्या 2009 च्या अभ्यासात हे टप्प्याटप्प्याने दिसलं. बुरशीला 17 ते 25 अंश सेल्सिअसच्या दरम्यानचा गारवा मानवतो, म्हणजे नेमका उष्ण कटिबंधातल्या डोंगरांचा. तळच्या उकाड्यात तिचा जोर ओसरतो. जिथे बेडकांच्या जाती सर्वांत जास्त तिथेच बुरशीचं हवामान सर्वांत चांगलं, असा हा घातयोग.

इथे झालर-बेडकाची ढोली पुन्हा आठवा. ओढ्यात अंडी घालणाऱ्या बेडकांना या बुरशीचा फटका सर्वाधिक बसतो, कारण बीजाणू वाहत्या पाण्यासोबत येतात. उंच झाडावरच्या बंद ढोलीतला बेडूक त्या मानाने सुरक्षित राहायला हवा होता. पण बेडूकमाशांच्या अंगावर बुरशीला राहायला एकच जागा असते, त्यांच्या तोंडाचे खरवडणारे कडक भाग. बुरशी वाढते ती केराटिनमध्ये, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात त्या पदार्थात, आणि बेडूकमाशाच्या शरीरात ते असतं ते तिथेच. त्याच तोंडांनी ही पिल्लं बापाची कातडी खरवडत होती. एका ढोलीत बीजाणू शिरले की बाप आणि पिल्लं यांच्यात आडपडदा राहिलाच नसणार. हा माझा तर्क आहे, कुणी मोजून दाखवलेली गोष्ट नव्हे. पण ज्या सवयीने ही जात उंच झाडावर तगली, तीच सवय तिच्या मुळावर आली असावी असं मला वाटत राहतं.

उचलायचे, पण किती?

2005 मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या दोन संस्थांनी, झू अटलांटा आणि अटलांटा बोटॅनिकल गार्डन यांनी, लाट पोहोचण्याआधी एल वायेतून बेडूक बाहेर काढले. पुढाकार होता जोसेफ मेंडेलसन आणि रॉन गॅग्लिआर्डो यांचा. शेकडो बेडूक, डझनावारी जाती. त्यांत हे थोराड तपकिरी बेडूकही होते, ज्यांना तेव्हा शास्त्रीय नाव नव्हतं.

तिकडे एल वायेमध्येच एडगार्डो ग्रिफिथ आणि हायडी रॉस यांनी ह्यूस्टन प्राणिसंग्रहालयाच्या पाठबळावर बचाव केंद्र उभारायला घेतलं होतं. इमारत पूर्ण व्हायच्या आत 2006 मध्ये बुरशी दारात आली. मग बेडूक ठेवले गावातल्या हॉटेलच्या भाड्याच्या खोल्यांत. पाहुण्यांच्या खोलीत एकावर एक रचलेले डबे, रोजची सफाई, रोजचे किडे पकडणं आणि आजारी बेडकांना बुरशीनाशक औषधाच्या पाण्यात बुडवून काढणं. वर्तमानपत्रांना त्यात गंमत दिसली. पण मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं काम त्याच खोल्यांत झालं, कारण तिथे बेडूक आपल्याच हवेत, आपल्याच डोंगराच्या किड्यांवर जगत होते.

खरा पेच संख्येचा होता. बंदिवासात एखादी जात टिकवायची तर सुरुवातीला निदान वीसेक जोड्या हव्यात, असा जाणकारांचा ठोकताळा. नाहीतर दोन-चार पिढ्यांत रक्ताचं नातं इतकं जवळ येतं की वंश खंगतो. दुसऱ्या बाजूला जागा, माणसं आणि वेळ मोजकी. तेव्हा प्रत्येक जातीचे थोडे थोडे उचलायचे, की मोजक्या जातींचे भरपूर? पहिला रस्ता धरला तर यादी लांब होते आणि मन शांत राहतं. दुसरा धरला तर आपणच कुणाला तरी मागे सोडतो, तेही नावानिशी.

झालर-बेडकाच्या बाबतीत हा प्रश्न निसर्गानेच सोडवून टाकला होता. हा जमिनीवर येणारा प्राणी नव्हे. रात्री नर ढोलीतून ओरडले तर त्यांचा माग काढायचा, नाहीतर वर पानांच्या छतात तो असतो एवढं समजून घरी जायचं. भरपूर उचलायचे असं ठरवलं असतं तरी ते मिळाले नसते. हाती लागले ते मूठभर.

तुलनेला त्याच डोंगरातला पनामाचा सोनेरी बेडूक घ्या. पिवळाधमक, ओढ्याकाठी दिवसाढवळ्या फिरणारा, देशाचं मानचिन्ह म्हणून मिरवणारा. त्याच्यासाठी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी 1990च्या दशकाच्या अखेरीसच हालचाल सुरू केली होती. जंगलातून तो दिसेनासा झाला, पण बंदिवासात त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या. त्याला पकडणं सोपं, त्याचं वागणं माहीत आणि हाताशी काही वर्षांची आघाडी. झालर-बेडकाजवळ यातलं काहीच नव्हतं. वाचवणाऱ्यांची तळमळ दोघांच्या बाबतीत सारखीच होती. फरक होता तो आधीच्या ओळखीचा.

नाव मिळालं तेव्हा

2007 मध्ये जंगलात या जातीच्या एका नराचा आवाज ऐकू आला. त्यानंतर नाही. 2008 मध्ये शास्त्रीय वर्णन छापून आलं. लिहिणाऱ्यांत मेंडेलसन, जे सॅव्हेज, ग्रिफिथ, रॉस, ब्रायन कुबिकी आणि गॅग्लिआर्डो अशी सहा नावं. जातीला नाव दिलं जॉर्ज आणि मेरी रॅब या दांपत्याचं. जॉर्ज रॅब शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयाचे माजी संचालक आणि उभयचरांच्या रक्षणासाठी आयुष्य वेचलेले. मेरी 2006 मध्येच वारल्या होत्या.

म्हणजे जगाच्या दफ्तरात या बेडकाच्या जन्माची नोंद झाली तेव्हा जंगलातून तो ऐकू येईनासा होऊन वर्ष झालं होतं. त्याच शोधनिबंधात त्याची ढोली, त्याचं तरंगणं आणि बापाची कातडी खाणारी पिल्लं हे सगळं आलं आहे. मला ते वाचताना प्रत्येक वाक्यापाशी काळ तपासावा लागतो: हे ‘करतो’ की ‘करत असे’?

बंदिवासात प्रजननाचे प्रयत्न झाले, पण पुढची पिढी उभी राहिली नाही. त्यात नवल नाही. या बेडकाला अंडी घालायला कसली ढोली लागते, तिच्यात पाणी किती, पाऊस कधी सुरू व्हायला हवा, नर-मादी एकमेकांना कसे गाठतात, आणि मुख्य म्हणजे बापाला पिल्लांपासून वेगळं काढलं तर काय होतं? हे शिकायला चार-पाच हंगाम आणि चुका करायला चार-पाच जोड्या लागतात. बेडूक पाळणारा कोणीही सांगेल की पहिल्या जोडीची अंडी बहुतेक वाया जातात, त्यातून आपण शिकतो ते तिसऱ्या जोडीच्या कामी येतं. इथे तिसरी जोडी कुठे होती?

शेवटची मादी 2009 मध्ये मेली. त्या दिवशी खरं तर प्रकरण संपलं. पुढची सात वर्षं जे चाललं ते राखणीचं काम.

एका शहरात दोन नर

मादी गेल्यावर उरले दोन नर, दोघेही अटलांटात. एक प्राणिसंग्रहालयात, दुसरा बोटॅनिकल गार्डनच्या बंदिस्त प्रयोगशाळेत. आत येणाऱ्याने आधी हातपाय स्वच्छ करायचे, बाहेरची माती आत न्यायची नाही, कारण बुरशी बुटावरूनही येते. प्रेक्षकांसाठी ती खोली नव्हती.

17 फेब्रुवारी 2012 ला प्राणिसंग्रहालयातल्या नराला दयामरण दिलं गेलं. त्याची तब्येत ढासळत होती. हा निर्णय थंडपणाचा वाटेल, पण त्यामागे व्यवहार होता. मेलेल्या बेडकाचं शरीर फार लवकर कुजतं. रात्री कधीतरी तो आपोआप मेला असता आणि सकाळी सापडला असता, तर त्याच्या पेशी आणि जनुकीय मजकूर हाती लागला नसता. वेळ माणसांनी निवडली, म्हणून ऊती ताज्या जतन करता आल्या. जगात जातीचे दोन जीव उरलेत आणि त्यांतल्या एकाला आपण स्वतः निरोप द्यायचा, ही सही करणाऱ्याच्या हाताची मला कल्पना करवत नाही. पण सही बरोबर होती.

उरलेल्या नराचं नाव ‘टफी’. म्हणजे चिवट गडी. सांभाळणाऱ्या मार्क मँडिका यांच्या लहान मुलाने ते ठेवलं होतं. 2005 मध्ये पकडला तेव्हाच तो वयात आलेला होता. त्याला हाताळलेलं आवडत नसे. वजन करायला उचललं की तो अंग आक्रसून, जोर लावून निसटायला बघे आणि पकडणाऱ्याचं बोट चिमटे. ‘सोड’ म्हणायची ही त्याची पद्धत होती.

पकडल्यापासून त्याने कधी आवाज काढला नव्हता. नराने ओरडायचं ते मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दटावायला. इथे ना मादी, ना जवळपास दुसरा नर, मग ओरडायचं कुणासाठी? आणि तरीही डिसेंबर 2014 मध्ये एके दिवशी मँडिका यांना त्या खोलीच्या दिशेने एक अनोळखी आवाज ऐकू आला. तिथल्या बाकी सगळ्या बेडकांचे आवाज त्यांच्या ओळखीचे होते, हा नव्हता. हातात होता तो फोन घेऊन ते धावले आणि आवाज टिपला. नऊ वर्षांच्या मौनानंतर टफी बोलत होता. फोनने टिपलेला तो आवाज नंतर जगभर ऐकला गेला.

26 सप्टेंबर 2016 च्या सकाळी नेहमीच्या तपासणीत तो आपल्या पेटीत मेलेला आढळला. वय निदान बारा वर्षं असावं.

माझं मत

या प्रकरणावर दोन टोकांची मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे हे सगळं फुकट गेलं, बेडकाला जंगलातच मरू दिलं असतं तर काय बिघडलं असतं. दुसरं, बंदिवासातलं तारू, म्हणजे प्रलयातून प्राणी वाचवणाऱ्या नोहाच्या नौकेसारखं ठिकाण, हाच एकमेव उपाय आहे आणि ते आणखी मोठं बांधा. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्याला उत्तर सोपं आहे. उचलले नसते तर ते 2006-07 मध्येच संपले असते आणि आज आपल्याला या बेडकाबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंच माहीत नसतं. शिवाय त्याच मोहिमांमधून आणि एल वायेच्या त्या हॉटेलातून इतर जाती तरल्या. 2009 पासून स्मिथसोनियन संस्थेच्या सहभागाने पनामात आणखी एक मोठा बचाव प्रकल्प सुरू झाला, त्याला या अनुभवाचा पाया होता.

दुसऱ्या मताशी मात्र माझा वाद आहे. तारवात प्राणी चढवले की काम झालं, असं समजण्याची चूक फार जण करतात. झालर-बेडूक तारवात चढला होता, अकरा वर्षं जगला, म्हातारा होऊन मेला. म्हणजे पाळण्यात हयगय नव्हती. कमी पडली ती आधीची ओळख. लाट यायच्या पाच-सहा वर्षं आधी कुणी त्या छतात चढून ढोल्यांशी रात्री काढल्या असत्या, त्याच्या एखाद्या साध्या, धोक्यात नसलेल्या भाऊबंदावर हात बसवून घेतला असता, तर 2005 मध्ये पकडलेल्या मूठभर जीवांचं काय करायचं हे कुणाला तरी ठाऊक असतं. याच वंशातले इतर बेडूक मध्य अमेरिकेत आहेत. 2014 मध्ये, टफी जिवंत असतानाच, पूर्व पनामाच्या दारिएन भागातून एक नवी भावंड-जात वर्णिली गेली. तिचं नाव एक्नोमिओहायला बाइलारिना, म्हणजे नर्तकी. ढोलीत पिल्लं वाढवणाऱ्या बेडकांची शिकवणी घ्यायची तर ती त्यांच्याकडे, आणि तीही त्यांच्या डोंगरात कुणी मरायला लागण्याआधी.

एक गोष्ट 2005 मध्ये कुणाला दिसणं शक्य नव्हतं, म्हणून तिचा दोष कुणाला देत नाही. 2018 मध्ये पनामातून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लाटेत जवळजवळ नाहीशा झालेल्या काही जाती त्याच जागी पुन्हा दिसू लागल्या होत्या. बुरशी सौम्य झाली नव्हती, ती पूर्वीइतकीच मारक होती. बदलले होते बेडूक. त्यांच्या कातडीतले स्राव बुरशीला अधिक चांगले रोखत होते. म्हणजे लाटेच्या पलीकडे काहींना किनारा होता. पण त्या किनाऱ्याला लागायला मागे पुरेशी संख्या उरावी लागते. एका डोंगरावर, मोजक्या ढोल्यांत राहणाऱ्या जातीला तेवढी उसंत मिळाली नाही. जगभराचा हिशेब 2019 मध्ये मांडला गेला, तेव्हा या बुरशीमुळे घटलेल्या जाती 501 निघाल्या आणि त्यांतल्या 90 नामशेष झाल्या असाव्यात असा अंदाज होता.

झालर-बेडकाच्या नावावर आता शिल्लक आहे ते एवढंच: 2008 च्या वर्णनामागचे जतन केलेले नमुने, 2012 मध्ये घेतलेल्या ऊती आणि एका फोनवर टिपलेला काही क्षणांचा आवाज. एल वायेच्या डोंगरात ढोल्या अजून आहेत आणि पावसाळ्यात त्या भरतात.